हाडातली चूल

दवाखान्यातले किस्से म्हणजे मोरावळ्याची बरणी, एक काढायला जावं तर चार चिकटून येतात. साठ सालच्या आगेमागे मी शहाद्याकडच्या तापीकाठी एका दवाखान्यात कंपाउंडर होतो. डॉक्टर पुण्याचे. माणूस सोन्यासारखा, पण परदेशी मासिकं वाचायचा आणि वाचलेलं सगळं पेशंटवर काढायचा.

त्यांचं आवडतं लेक्चर चुलीचं. हाडाच्या पेशीत म्हणे बारीक बारीक चुली असतात. त्या पेटल्या की जोर येतो, पण धूर कोंडला तर हाड धड वाढत नाही. आवळा-पेरू खा, ते धूर आवरतात. मायटोकाँड्रिया, अँटिऑक्सिडंट हे शब्द ते माझ्यासाठी राखून ठेवायचे. मला काय डोंबल कळत होतं!

गुडघेदुखीच्या एका म्हाताऱ्याने हे ऐकलं आणि घरी जाऊन सुनेची चूलच अंगणात काढली. महिन्याने सून भांडायला आली. गुडघा होता तस्साच, आणि वाऱ्याने हिच्या भाकरीत धूळ. डॉक्टरांनी चूल परत आत मांडायला लावली, तीही म्हाताऱ्याकडूनच.

एक केळीवाला हात मोडून आला होता. आवळा पोटात कशाला, थेट हाडालाच पोचवू, म्हणून पठ्ठ्याने प्लास्टरमध्ये मोरावळा कोंबला. दोन दिवसांनी नाचतच आला. प्लास्टर कापलं तर आत मुंग्यांची जत्रा भरलेली.

जमनाचं मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गुजर पाटलांची नात, अडीच वर्षांची, पाय वाकलेले, उभीसुद्धा राहत नव्हती. लोक नावं ठेवतील म्हणून दिवसभर घरातच. तिची आई रडत एकच विचारायची, ही चालेल ना? माझा जीव तुटायचा. डॉक्टर म्हणाले, मुडदूस आहे, माशाचं तेल पाजा आणि रोज उन्हात बसवा.

आजी रेवामाय कंठीवाली, कडक शाकाहारी. ती फणकारली, "आम्हना घरमा मासा चालाव नही."

लेकाने हातापाया पडून मनवलं. शेवटी तिने अट घातली. बाटली उंबऱ्याच्या आत येणार नाही. अंगणात मीच पाजीन, वास जाईपर्यंत पोर उन्हात बसेल आणि आंघोळ झाल्यावरच घरात येईल. लेक-सून शेतावर जायची, त्यामुळे सगळं रेवामायच्याच हाती.

होळीच्या सुमारास जमना आजीचं बोट धरून चालत दवाखान्यात आली. वाकडं का होईना, पण स्वतःच्या पायांनी. तिची आई दारातच रडायला लागली, मीही डोळे पुसले. डॉक्टरांना तर काय करू नि काय नको झालं. आधी त्यांनी माशाच्या तेलाचे गोडवे गायले. मग धर्म बाजूला ठेवून नातीला तेल पाजलंत म्हणत रेवामायच्या पाया पडायला वाकले.

रेवामायने पाय मागे घेतले.

"मन्हा माथावर पाप नको घालू, भाऊ. पोरले रोज उन्हमा बसाडं, तेल तं आम्हनी मांजरनी पिधं. पन आखो एक बाटली दे, मांजर गह्यरी चमकाले लागनी."