सोमाजीचा लोटा

दुकानात गिऱ्हाईक "शेठजी, खरं सांगतो" म्हणालं की मी आधी त्याच्या हातातलं भांडं ठोकून बघतो. सवयच आहे तशी. तुमसरच्या बाजारात आमचं पितळी भांड्यांचं दुकान, वडिलांपासूनचं. मोडीचं पितळ घ्यायचं म्हणजे माणसाच्या शब्दावर चालत नाही. त्यामुळं या सदरात लोक आपापले भुताखेताचे अनुभव लिहितात ते मी चहासोबत वाचतो आणि बायकोला म्हणतो, "याला जेवण जास्त झालं असेल." आज मीच लिहायला बसलो तर ती आतून हसून राहिली आहे. हसू द्या.

ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. आमच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. कुसुम लाखांदूरकडची, आणि पायाळू. म्हणजे जन्माच्या वेळी डोक्याऐवजी पाय आधी बाहेर आलेली. पायाळू माणसाचे आमच्याकडं दोन उपयोग सांगतात. एक — कमरेत चमक भरली की पायाळूनं पाठीला पाय लावायचा, चमक जाते. दुसरा — पायाळूला जमिनीखालचं दिसतं.

पहिल्या उपयोगासाठी मोहल्ल्यातले लोक सकाळी सकाळी आमच्या ओट्यावर येऊन पालथे पडत. ही बिचारी लाजत लाजत पाय लावायची आणि लगेच त्याच म्हाताऱ्याला वाकून नमस्कार करायची. मी म्हणायचो, चमक काय, आपोआपही जाते. दुसऱ्या उपयोगाची मात्र मला धास्ती होती. गुप्तधनाच्या नादी लागलेले लोक पायाळू माणूस शोधत फिरतात, आणि काम झाल्यावर त्याचं काय करतात याच्या गोष्टी आमच्या भागात दबक्या आवाजात चालायच्या. भुताला मी कधी भ्यालो नाही. माणसाला भितो.

तर एक दिवस ओट्यावर शंकर नावाचा माणूस आला. तिशीचा, गळ्यात रुमाल, बोलायला मोठा गोड. बपेऱ्याच्या पुढं मध्यप्रदेशच्या अंगाला डोंगर आहे, त्यावर जुनी पडकी गढी. नागपूरचे साहेबलोक, कॉलेजवाले आले की हा त्यांना गढी दाखवायचा. कमरेत चमक भरली म्हणून आला, कुसुमनं पाय लावला, गेला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा हजर... या वेळी कमर ठणठणीत.

"शेठजी, एक दिवस चला ना गढीवर. दुसरं कोणी नाही, फक्त तुमी दोघं. मी सगळं दाखवतो."

"किती घेशील?"

"तुमच्याकडून काय घ्यायचं? वहिनीनं मले बरं केलं." मग जाता जाता म्हणाला, "पण वहिनीले आणाच."

बाजारात फुकट फक्त उपदेश मिळतो. हा माणूस दिवसभराची गढी फुकट दाखवतो म्हणतो आणि माझ्या बायकोला 'आणाच' म्हणतो! माझ्या डोक्यात तेव्हाच खुट्ट झालं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला निघालो. दारात कुसुमनं विचारलं, "कुठं चालले?" — तर माझी आई तिच्यावर अशी खेकसली म्हणता! घराबाहेर निघणाऱ्याला 'कुठं चालला' विचारू नये, काम फिसकटते, माणूस अडकून पडते, हा आमच्याकडचा पक्का नियम. मला तर तो सोयीचाच होता. कोणाला हिशेब द्यायला नको.

बसस्टँडवरचा चहावाला शंकरला ओळखत होता. म्हणाला, "पोरगा चांगला आहे. बाप मात्र गुप्तधनवाला होता त्याचा. सोमाजी. एक दिवस घरून निघाला तो आलाच नाही. बालाघाटकडं दुसरी बाई ठेवली म्हणतात."

गुप्तधनवाल्याचा पोरगा! झालं. मी घरी येऊन जाहीर केलं की गढी-बिढी काही नाही.

कुसुम म्हणाली, "तुमी काहून एवढे भेता? लग्न झाल्यापासून हे घर आणि समोरचा नळ, एवढंच पाहून राहिली मी. दिवसाउजेडी जाऊ, दिवसाउजेडी येऊ. नाही तर मी सासूबाईंसंग जाईन."

सासूबाईंसंग म्हणजे ती नक्की जाणार होती. त्यापेक्षा मी बरा.

धानाची चुरणी-मळणी आटोपली होती, पूस म्हणजे पौष महिना होता. सकाळच्या एसटीनं बपेऱ्याला उतरलो. कुसुमनं लाखोळीच्या डाळीचे वडे बांधून घेतले होते आणि मी कोटाच्या खिशात लोखंडी अडकित्ता घेतला होता. दुसरं हत्यार घरात नव्हतं. शंकर उभाच होता. पाठीला कापडी झोळी, आणि त्या झोळीत काहीतरी लांब, जड. चालताना ते त्याच्या पाठीवर आपटायचं. मी विचारलं तर म्हणाला, "जंगलात लागते, शेठजी." काय लागते ते सांगितलं नाही.

डोंगराच्या पायथ्याला सात-आठ घरांची टोली, तिथंच त्याचं घर. दारात त्याची माय उभी दिसली. उंच, वाळलेली बाई आणि कपाळावर रुपयाएवढं लालभडक कुंकू. शंकर तिच्याशी न बोलताच पुढं गेला. तिनंही कुठं चालला विचारलं नाही.

चढण फार नव्हती. सागाची वाळली पानं पायाखाली कराकर वाजत होती. शंकर मला बुरूज दाखवायचा आणि बघायचा कुसुमच्या पायांकडं. एकदा नाही, चार वेळा पकडला मी त्याला. पडक्या दरवाजाशी आलो तर म्हणतो, "वहिनी, इथून चप्पल काढा. अनवाणी चला."

मी वाकून बूट सोडायला लागलो.

"तुमी राहू द्या शेठजी. तुमचे बूट चालतात."

देवाची जागा असती तर दोघांचीही पादत्राणं निघाली असती. मी खिशातला अडकित्ता हातात घेतला.

आत म्हणाल तर काय, ढासळलेल्या भिंती, मधोमध पायऱ्यांचं कोरडं टाकं, त्यात झुडपं वाढलेली. शंकर राजाराणीच्या गोष्टी सांगत होता, पण त्याचं लक्ष गोष्टीत नव्हतं. झोळी एका दगडावर ठेवून तो कुसुमला टाक्याच्या पायऱ्या दाखवायला वळला आणि मी झोळी उघडली. आखूड सब्बल, म्हणजे खोदायची पहार. नारळ, लिंबू, कुंकवाची पुडी, आणि घडी न मोडलेलं कोरं कापड.

खरं सांगतो, त्या क्षणी मला कुसुम मेलेलीच दिसली. मी धावत जाऊन शंकरची गचांडी धरली, अडकित्ता त्याच्या तोंडापुढं धरला.

"कोण कोण आहे अजून? कुठं लपले?"

त्यानं हात उचलला नाही. खाली बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"कोणी नाही जी. धन नाही पाहिजे मले. बाप पाहिजे."

मग त्यानं सांगितलं. तो दहा-बारा वर्षांचा असताना बाप सकाळी सब्बल आणि पाण्याचा लोटा घेऊन निघाला. कुठं चालला हे कोणाला सांगितलं नाही, आणि मायनं रिवाजाप्रमाणं विचारलं नाही. लोक म्हणाले बाई ठेवली. माय पाण्याला गेली की बाया तिचं कुंकू पाहून तोंडाला पदर लावायच्या. शंकरला वाटायचं बाप इथंच, गढीवरच कुठंतरी गाडला गेला. म्हणूनच तो लोकांना गढी दाखवायच्या निमित्तानं वर यायचा. पण एवढ्या दगडांत खोदणार कुठं?

"हे कापड कायले आणलं मग?"

"हाडं निघाली तर बांधून न्यायले. वहिनीले जमिनीखालचं दिसत असंल तर सांगावं, नाही तर मी हात जोडतो, चला खाली."

"आधी का नाही सांगितलं?"

"तुमी आणलं असतं का?"

नसतं आणलं, हे खरं. तरी माझा विश्वास बसला नव्हता. रडणारी गिऱ्हाइकं मी खूप पाहिली आहेत. मी कुसुमचा हात धरला आणि म्हणालो, चल. तिनं हात सोडवून घेतला.

"चालूनच पाहायचं आहे ना? चालते. त्याच्या मायच्या जागी मी असती तर?"

"तुला काही दिसत-बिसत नाही, कुसुम."

"नाही दिसत. तसं सांगून देईन."

आणि ती चालायला लागली. टाक्याच्या काठानं, मग भिंतीकडं. शंकर जागचा हलला नाही — हे मी मुद्दाम बघत होतो, कारण तो डोळ्यानं इशारा करील असा मला संशय होता. तो तर डोकं गुडघ्यात घालून बसला होता. कोपऱ्यातली भिंत ढासळून जिथं दगडांचा ढीग झाला होता तिथं कुसुम "आई गं" म्हणून थांबली. उजव्या टाचेत बाभळीचा काटा, चांगला आतपर्यंत गेलेला. मी धावलो, काटा काढला, रक्त आलं. ती म्हणाली, "चला आता." पाऊल उचललं, आणि पुन्हा तिथंच टेकवलं.

"अवो... इथली जमीन कोमट आहे."

मी हात लावून पाहिला. पुसाच्या थंडीतली सावलीतली जमीन, गार दगड. मला काही कोमट लागलं नाही.

शंकरनं सब्बल घातली. ढिगाच्या कडेलाच, हातभर खाली, पितळेचा लोटा निघाला. मातीनं गच्च भरलेला, हिरवा पडलेला. मी अडकित्त्यानं खरवडला. काठाखाली नाव घातलेलं होतं — सोमाजी — आणि नावाच्या शेवटी ठिपक्यांचं फूल. ते फूल माझ्या वडिलांचं. आमच्या दुकानात भांड्यावर नाव घातलं की ते शेवटी असं फूल काढायचे.

आता माझं ऐका. लोटा आमच्या दुकानातला, म्हणजे सोमाजीचा असेल. पण तो शंकरच्या घरीच असेल आणि त्यानंच आणून पुरला असेल तर? हिरवा जंग चढवणं काही अवघड नाही, मीठ आणि आंबट चोपडून ओल्या मातीत ठेवलं की नवं भांडंही आजोबाच्या काळचं दिसतं. आमच्या धंद्यातले लोक करतात. हे सगळं मी तिथं उभ्या उभ्या मनात जुळवलं. खालचे दगड आमच्या दोघांच्यानं हलले नाहीत. शंकरनं नारळ फोडला, लोटा कोऱ्या कापडात बांधला, आणि आम्ही उतरलो. तिघं सोबत. आमच्या पुढं वाटेवर कोणी नव्हतं, मागं कोणी नव्हतं.

शंकरच्या घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. माय सपरीत, म्हणजे पडवीत, चुलीपुढं बसली होती, आमच्याकडं पाठ. चुलीवर वाटीत तेल-हळद तापत होती. मागं न पाहता म्हणाली, "ये माय. उजवा पाय पुढं कर, चटका देतो. काटा खोल गेला नं?"

कुसुम माझ्याकडं पाहायला लागली. मी शंकरकडं. आणि शंकर पाहत होता मायकडं, कारण ती आता वळली होती. कपाळ कोरं. कुंकू पुसलेलं, बांगड्या काढून पदरात बांधलेल्या.

"माय... हे कोणी सांगतलं तुले?"

"तुह्या बापानं," ती म्हणाली. अगदी शेजारचं कोणी येऊन गेल्यासारखं. "दुपारी आले होते. तेच कपडे. पाणी मागतलं. म्या इचारलं, लोटा कोठी हाये तुमचा? म्हणे, पोरगा आणून राहिला. सोबतच्या बाईले काटा लागला म्हणे, हळद तापवून ठेव."

शंकरनं गाठोडं तिच्यापुढं ठेवलं. तिनं उघडलं नाही, नुसता हात ठेवला.

"निघाले तवा इचारलं नव्हतं. इचारू नये म्हणतात. आज म्या इचारलंच. म्हटलं, इतके साल कोठी होता जी तुमी?"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग म्हणाली, "म्हणे, म्या कोठीच गेलो नव्हतो. हितंच होतो."

तेव्हा ती रडली. दुःखानं रडली की सुटका झाली म्हणून, मला नाही सांगता येणार. रडता रडताच तिनं कुसुमच्या टाचेला हळदीचा चटका दिला.

पुढं टोलीतल्या माणसांनी वर जाऊन दगड काढले. हाडं निघाली, सोमाजीची सब्बलही निघाली. रीतीप्रमाणं सगळं झालं. ज्या बाया तोंडाला पदर लावायच्या त्याच तेराव्याला भात रांधायला आल्या, असं शंकर सांगत होता.

मी दुकानदार माणूस, इतक्या वर्षांत हा व्यवहार मी शंभर वेळा तपासला. धरून चालू की लोटा त्यानंच पुरला. धरून चालू की कोणीतरी झाडाआडून पाहिलं आणि आडवाटेनं पळत जाऊन म्हातारीला काट्याचं सांगितलं. पोरानं मायची बदनामी धुवायला हे नाटक केलं असंही धरू. पण सकाळी मी स्वतः पाहिलं होतं ते कुंकू. एवढी वर्षं लोकांचे टोमणे खाऊन जपलेलं. लोटा खाली यायच्या आत, हाड दिसायच्या आत, कोणती बाई ते आपल्या हातानं पुसते? इथं माझा हिशेब अडतो, आजही अडतो. कोणाजवळ उत्तर असलं तर कळवा, मी ठोकून बघीन.

कुसुमला विचारलं तर ती एवढंच म्हणते, "जमीन कोमट होती." चमक भरलेले लोक अजून येतात, ती अजून पाय लावते.

आणि मी... भुताखेतावर माझा अजून विश्वास नाही. पण त्या दिवसापासून घराबाहेर पाऊल टाकताना, आई होती तोवर तिच्या देखत, मग बाजारात जायचं असो की करडी गावाला धान बघायला, मी दारात थांबतो आणि आत आवाज देतो, "कुसुम, अमुक ठिकाणी चाललो गं." ती विचारत नाही. मीच सांगून जातो.