अंधारीतली बॅटरी

आमचं शहर पहिल्यांदा बघायला पाहुणे आले, की मी त्यांना दौलताबादला नेतो. किल्ल्यातल्या अंधारी नावाच्या भुयारात बॅटरी घेऊन वाट दाखवणारा एक म्हातारा आहे. नाव मी कधी विचारलं नाही. पायऱ्या त्याला पाठ आहेत. मध्यावर तो हटकून बॅटरी विझवतो. "आता डोळे उघडा नाय तर मिटा, सारखंच," म्हणतो आणि पाहुण्यांच्या किंकाळ्या ऐकून खूश होतो.

परवा मेहुणीला नेलं. बॅटरी विझली, ती किंचाळली, तो हसला. मग बटण दाबल्याचा आवाज आला, पण उजेड पडला नाही.

"बाबा, लावा ना आता," मेहुणी म्हणाली.

"लावली की, ताई. चला," तो नेहमीच्याच सुरात म्हणाला. उजेड पडला नाही हे त्याला कळलंच नव्हतं.

मी मेहुणीचा हात दाबला. "लावली, लावली," म्हणालो, आणि त्याच्या पावलांच्या आवाजामागं चाचपडत निघालो.