कॅप्टनचा उजवा पाय

आमच्या बसमधली मुलं ह्यांना कॅप्टन काका म्हणतात आणि मला नुसतीच मावशी. बस शाळेची. चालवणारे हे, आणि दारापाशी उभं राहून मुलांना चढवणारी-उतरवणारी मी. घरातही साधारण हीच वाटणी आहे. आपण चालवतो असं ह्यांना वाटतं, आणि दारं उघडायची-लावायची मी. सकाळी बस सुरू करण्याआधी हे आरशात बघून जाहीर करतात, "प्रवाशांनी पट्टे बांधावेत, आपण लवकरच उड्डाण करत आहोत." मुलं टाळ्या वाजवतात. इतकी वर्षं तोच विनोद ऐकून माझे कान किटले, पण मुलं दरवर्षी नवी येतात.

वैमानिक व्हायचं ह्यांच्या मनात होतं. ते राहिलं ते राहिलंच. आधी ट्रक, मग लांब पल्ल्याच्या गाड्या आणि गुडघे कुरकुरायला लागल्यावर शाळेची बस. आपल्या हातून आजवर कुणाला साधं खरचटलंसुद्धा नाही, हे पाहुण्यांना सांगितल्याशिवाय ह्यांचा चहा घशाखाली उतरत नाही. खोटं नाही ते. पण ह्या अभिमानाला एक शेपूट आहे. काहीही बिघडलं की दोष गाडीचा, यंत्राचा किंवा दुसऱ्या कुणाचा. ह्यांचा कधीच नाही.

आमच्या जावयाचं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. सासऱ्यांची हौस ऐकून ऐकून त्यानं एक दिवस घरी विमानच आणून बसवलं. म्हणजे मोठा पडदा, टेबलाला घट्ट आवळलेलं विमानाचं स्टिअरिंग आणि खाली दोन पेडल. स्टिअरिंगला योक म्हणतात म्हणे, मी स्टिअरिंगच म्हणते. कोपऱ्यात माझं शिलाई मशीन होतं, ते बाहेर पॅसेजमध्ये गेलं. तेव्हापासून मी येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायात बसून फॉल शिवते आणि आतून इंजिनाची घरघर ऐकते.

सुरुवातीचे काही महिने हे हवेतच होते. खरोखरीच. शाळेची दुपारची फेरी संपली की हात धुऊन खुर्चीत. पडद्यावरची धावपट्टी, समोर डोंगर, आणि विमान अलगद वर. "बघ, बघ, काय उचललंय!" मी फॉल सोडून बघायला जायची. खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटायचं. माणूस खूश असला की घर हलकं होतं.

मग विमान बिघडलं. हवेत गेलं की ठीक, पण धावपट्टीवर वेग घेतला की उजवीकडे ओढायचं आणि भसकन गवतात. रोज. पहिला संशय माझ्यावर आला.

"तू पेडलांवर फडकं मारलंस ना?"

"धूळ होती म्हणून मारलं. विमानतळावर झाडू मारत नाहीत का?"

"त्यात नाजूक भाग असतात. तुला सांगून उपयोग नाही."

मी फडकं मारायचं सोडलं. विमान गवतातच. मग वायरी काढून पुन्हा घातल्या. मग कॅलिब्रेशन, म्हणजे पेडल कुठे मोकळं आहे आणि कुठे पूर्ण दाबलेलं आहे हे संगणकाला नव्यानं शिकवायचं. हे रोज शिकवायचे आणि संगणक रोज विसरायचा. शेवटी एका संध्याकाळी ह्यांनी मुलीला फोन लावला आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तुझ्या नवऱ्याला म्हणावं, दुकानातला जुना माल सासऱ्याच्या गळ्यात मारायचा नसतो."

मी कपाळावर हात मारला. पण नवल वाटलं नाही, कारण त्याच्या थोडंच आधी बसमालकाच्या गॅरेजमध्ये असाच प्रकार झाला होता. आमच्या बसचं ब्रेक लायनिंग, म्हणजे ब्रेकच्या आतली घासपट्टी, फार लवकर झिजत होतं. नवं घातलं की पुन्हा जळका वास. ह्यांनी सगळ्या ड्रायव्हरांसमोर मिस्त्रीला धरलं. "हलकं लायनिंग घालतोस आणि बिल चांगल्याचं लावतोस! मुलांच्या जिवाशी खेळतोस!" मिस्त्री आणि हे जुने मित्र, एका कपातला चहा अर्धा-अर्धा पिणारे. मिस्त्री इतकंच म्हणाला, "मी घातलं ते चांगलंच घातलं." हातातला पाना खाली ठेवला आणि आत गेला. मालकानं त्याच्याकडून आमच्या बसचं काम काढून घेतलं. तेव्हापासून आम्ही गॅरेजमध्ये शिरलो की तो पाठ करून उभा राहतो. हे म्हणतात, "चोराच्या मनात चांदणं."

रविवारी मुलगी आणि जावई आले. मुलगी रागानं फणफणत होती, जावई मात्र शांत. हातात फक्त एक पेचकस.

"जावईबापू, या. तुमचं विमान गवत खातंय," हे म्हणाले.

जावयानं वाद घातला नाही. आधी खेळातला वारा बंद केला. कधी कधी बाजूच्या वाऱ्यानं विमान ओढतं म्हणे. वारा बंद, तरी विमान गवतात. मग पेडलांची वायर दुसऱ्या जागी लावून पाहिली. तरी तेच. मग त्यानं पडद्यावर एक खिडकी उघडली. त्यात दोन आडव्या पट्ट्या, एक डाव्या ब्रेकची, एक उजव्या. पेडलाचा वरचा भाग चवड्यानं दाबला की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागतो आणि पट्टी भरते.

"बाबा, जरा उठता?"

हे उठले. दोन्ही पट्ट्या रिकाम्या. जावई बसला, त्यानं पाय ठेवले. पट्ट्या रिकाम्याच. दाबलं, भरल्या. सोडलं, रिकाम्या.

"पेडल तर ठीक दिसतंय," जावई म्हणाला. "आता तुम्ही बसा."

हे बसले. डावी पट्टी रिकामी. उजवी चांगली तिसऱ्या हिश्शापर्यंत भरलेली.

"हे बघा! हे बघा! आता बोला!" ह्यांना केवढा आनंद झाला. "मी म्हणत नव्हतो?"

"बाबा, उजवा पाय ब्रेकवरून उचला."

"उचललेलाच आहे."

"थोडा दाब येतोय बहुतेक. उचला."

"अहो, उचललाय की! ब्रेकवर उगाच पाय ठेवून बसायला मी काय काल परवाना काढलाय?"

आम्ही तिघांनी खाली पाहिलं. टाच जमिनीवर होती. चवडा पेडलावर होता. नुसता टेकलेला नव्हता, चांगला दाबलेला होता.

मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, खाली बघा ना."

ह्यांनी खाली पाहिलं. स्वतःच्याच पायाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं बघितलं. मग पाय उचलला आणि पट्टी झरकन रिकामी झाली. पुन्हा पडद्याकडे बघत पाय ठेवला. जावयानं सांगितलं, "आता उचला." हे म्हणाले, "उचलला." पट्टी भरलेलीच होती.

ह्यांना साखरेचा त्रास कितीतरी वर्षांचा, आणि साखरेनं पाय बधिर होतात हे मी ऐकून होते. मागे एकदा हे एकाच पायात चप्पल घालून घरभर हिंडत होते. दुसरी जिन्यातच गळून पडलेली, ह्यांना पत्ताच नव्हता. मी पोट धरून हसले होते, शेजारणीलाही सांगितलं होतं. आता ते आठवलं आणि हसल्याचीच लाज वाटली.

"कॅलिब्रेशन करताना पाय काढले होते ना?" जावयानं विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं, उत्तर त्याला कळलंच होतं.

"काढूनच केलं," हे म्हणाले. मग आवाज खाली गेला. "असं मला वाटत होतं."

जावई फार चांगला मुलगा आहे. कधी कधी चांगुलपणाच नको तिथे येतो. "काही काळजी करू नका बाबा," तो म्हणाला, "ह्यात डेड झोन नावाची सोय असते. इतका दाब आला तरी लक्ष देऊ नकोस, असं यंत्राला सांगता येतं." त्यानं दोन बटणं दाबली. पट्टी रिकामी झाली. पाय होता तिथेच होता, पण पट्टी रिकामी. "आता उडवा."

ह्यांनी उडवलं. विमान रेषेवरून सरळ गेलं आणि अलगद उचललं. मुलीनं टाळ्या वाजवल्या. ह्यांनी एक गिरकी घेतली, उतरवलं, योकवरचे हात काढले आणि जावयाकडे न बघता म्हणाले, "माल चांगला आहे तुमचा." चारचौघांत सिंहासारखा गरजणारा माणूस, जावयापुढे त्याचं तोंड एवढंसं झालं होतं. जेवताना मान वर केली नाही.

सकाळी मी म्हटलं, "आज राहू द्या. मालकांना कळवते मी, बदली ड्रायव्हर देतील."

"कशासाठी? खेळण्यावरून?"

"खेळण्यावरून नाही. पायावरून."

"इतकी वर्षं चालवतोय. मी बघून चालवीन."

"पायाकडे बघाल की रस्त्याकडे?"

ह्यांनी किल्ली उचलली आणि जिना उतरले. मी अडवायला हवं होतं. पण माणसाचा आदल्या दिवशीच एवढा पाणउतारा झालेला, पुन्हा कुठे टोकायचं, असं वाटलं आणि मी मुकाट्यानं मागून गेले.

त्या दिवशी उड्डाणाची घोषणा झाली नाही. मुलांनी आरडाओरडा केला, "कॅप्टन काका, विसरलात!" हे नुसते हसले. बस चालू झाली. हे सारखं खाली बघत होते, पुन्हा झटकन वर. मी दाराचा दांडा धरून उभी होते. बसमध्ये त्या दिवशी एक नवीन मुलगी होती, अगदी छोटी, दप्तर तिच्याहून मोठं. तिच्याशेजारी दोन वेण्या घातलेली, आमची जुनी प्रवासी. पुढे थांबा दिसायला लागला तशी वेणीवाली तिला समजावायला लागली, अगदी मास्तरणीच्या आवाजात.

"आता हे पुढचं धर. दोन्ही हातांनी. नाही तर नाक आपटतं."

"का?"

"कॅप्टन काका थांबवताना धक्का येतो. रोज येतो. आम्ही सगळे आधीच धरतो."

मी मागे वळून पाहिलं. सगळ्या बसमधल्या मुलांनी पुढच्या सीटचे दांडे धरले होते. हसत, बडबडत, सवयीनं. तेव्हा मला दिसलं की माझी स्वतःची मूठसुद्धा दांड्यावर आवळलेली आहे. कधीपासून आवळतेय, कोण जाणे.

हे आरशात बघत होते. ऐकलं होतं सगळं. धक्का आला, एक पाण्याची बाटली घरंगळत पुढे आली आणि सगळी मुलं एका सुरात ओरडली, "आलाऽऽ!" त्यांच्या दृष्टीनं तो खेळच होता.

ह्यांनी हँडब्रेक ओढला. इंजिन बंद केलं. खिशातून फोन काढून मालकाला म्हणाले, "बस उभी केली आहे. कुणाला तरी पाठवा. मी चालवणार नाही." मग खाली उतरून रस्त्याच्या कडेला, बसच्या चाकापाशी उभे राहिले. थांब्यावर मुलांना सोडायला आलेले पालक बघत होते. मुलं विचारत होती, "मावशी, काका रुसले का?" मी काय सांगणार, कप्पाळ!

आणि मालकानं पाठवलं कुणाला, तर मिस्त्रीला. परवाना असलेला मोकळा माणूस तोच. स्कूटर लावून आला तो सरळ चाकाकडे गेला, ह्यांच्याकडे न बघता वाकला आणि कोरड्या आवाजात विचारलं, "काय झालं ब्रेकला?"

मी दारात उभी होते, मुलं खिडक्यांना लागली होती. मला वाटलं, आता हे म्हणतील पोटात दुखतंय, चक्कर आली. म्हणाले असते तर मीही हो ला हो केलं असतं.

"ब्रेकला काही झालं नाही," हे म्हणाले. "ॲक्सिलरेटर दाबतानासुद्धा माझा पाय ब्रेकला लागलेला असतो आणि मला कळत नाही. तुझं लायनिंग चांगलं होतं. मीच जाळत होतो." मग चाकाकडे बघत म्हणाले, "आणि मुलांच्या जिवाशी खेळतोस असं तुला म्हणालो."

मिस्त्री तसाच वाकलेला राहिला. मग उठला, हात पँटला पुसला आणि पुढे केला. ह्यांनी किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तो म्हणाला, "बसा आत. शाळेला उशीर होतोय."

हे आत आले. नेहमीची जागा गेलेली, दुसरी कुठली ठाऊक नाही, म्हणून क्षणभर दोन सीटांच्या मध्येच उभे राहिले. छोटी सरकली आणि तिनं जागा दिली. हे तिच्याशेजारी अंग चोरून बसले.

बस निघाली. शाळेचं फाटक दिसायला लागलं तशी वेणीवाली म्हणाली, "काका, धरा." ह्यांनी दोन्ही हातांनी पुढचा दांडा धरला. सगळ्यांनी धरला. मीही. मिस्त्रीनं बस थांबवली, आणि ती कधी थांबली ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

मुलं थोडा वेळ तशीच दांडे धरून बसली, वाट बघत. मग छोटीनं ह्यांच्याकडे वळून विचारलं, "आला का?"

"नाही," हे म्हणाले. "आता नाही यायचा." आणि दांडा न सोडताच हातांवर डोकं टेकवलं.