डॉ. खरात मॅडम आणि माझे काळे बोट

डॉ. शैलजा खरात मॅडम यांना यंदा साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या गौरवग्रंथासाठी मी लिहावे असा आग्रह संपादक मंडळाने धरला, त्याचे कारण मला चांगले ठाऊक आहे. मॅडमनी मंठा तालुक्यात असंख्य लोकांचे दात वाचवले. पण मतदान केंद्रावर येऊन ज्याची अब्रू वाचवली, असा माणूस मी एकटाच आहे.

आमची पहिली भेट चार वर्षांपूर्वीची. गावच्या शाळेचा मी मुख्याध्यापक होतो आणि निवृत्तीला चार महिने उरले होते. एके दिवशी मॅडम मंठ्याहून स्कूटरवर आल्या, हेल्मेट काढून माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, "सर, पहिली-दुसरीच्या लेकरांचे दात तपासायचेत. किडीवर एक औषध लावीन. सुई नाही, मशीन नाही. दाताला थेंबभर पुरतं."

मी ताबडतोब होकार दिला. त्यांनी मात्र आधी पालकसभा बोलवायला लावली. सभेत औषधाचे नाव सांगितले: सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड. इतिवृत्त लिहिणाऱ्या आमच्या गुरुजींनी ते नाव तीनदा खोडले. मॅडमनी ते सोपे करून सांगितले, की यातली चांदी किडीचे जंतू मारते आणि फ्लोराइड दाताला टणक करते. मग, कुणी विचारण्याआधीच, वाईट बाजूही सांगितली. "किडलेला भाग काळा पडेल आणि काळाच राहील. चांगला भाग पांढराच राहील. मान्य असेल तरच सही करा." फोटोही दाखवले. आपल्या औषधाची उणीव आधी सांगणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता.

शुक्रवारी व्हरांड्यात शिबिर भरले. उजेडाने खराब होऊ नये म्हणून औषधाची काळपट बाटली सावलीत ठेवलेली. मॅडमच्या हातात मोजे, प्रत्येक लेकराच्या ओठांना आधी मलम, दाताच्या दोन्ही बाजूंना कापूस. चांदीच्या दागिन्याने अंगावर चट्टे उठतात का, हे आईला विचारल्याशिवाय त्या पुढे जात नव्हत्या. एका मुलाच्या हिरडीवर गळू होते. त्याला औषध न लावता त्यांनी सरळ जालन्याला पाठवले. "कीड दाताच्या नसेपर्यंत पोहोचली की हे औषध चालत नाही," असे त्याच्या वडिलांना नीट समजावले.

"सर, औषधाच्या त्या वाटीला तेवढा हात लावू नका," असे त्यांनी मलाही बजावले होते. परंतु आयुष्यभर हुकूम देण्याची सवय असलेल्या माणसाला हुकूम ऐकण्याची सवय नसते. वाटीत तर पाण्यासारखा पारदर्शक थेंब दिसत होता. मी डावखुरा. डाव्या हाताची तर्जनी बुडवली, वास घेतला, आणि तो इतका उग्र निघाला की डोळ्यांत पाणी आले. ते पुसताना बोट गालाला लागले.

मॅडमनी माझे बोट आणि गाल लगेच धुवायला लावले.

"बघा, काही झालं नाही. पाणीच आहे," मी म्हणालो.

"संध्याकाळपर्यंत थांबा," एवढेच त्या म्हणाल्या.

संध्याकाळी माझे बोट नखासकट काळेकुट्ट झाले होते आणि गालावर पावलीएवढा ठिपका उमटला होता. आमच्या सौभाग्यवतींनी तो न्याहाळला. "ह्या वयात तुम्हाला कुणाची नजर लागून राह्यली, म्हणून तीट लावून आलात?"

शनिवारी सकाळी मात्र हसण्यासारखे काही उरले नाही. मॅडम दुसऱ्या दिवसाच्या शिबिरासाठी आल्या तेव्हा फाटकापाशी आया लेकरांना धरून उभ्या होत्या आणि पुढे गिरजाबाई होत्या. मेंढ्या राखण्यात हयात गेलेली ही म्हातारी पालकसभेला आली नव्हती. सही तिच्या मुलाने केली होती. तिने नात सोनीचा जबडा धरून सगळ्यांना दाखवला.

"बघा गुर्जी! पोरीचे चार दात काळे करून टाकले. मिसरी लावल्यावानी दिसून राह्यलं! उद्या हिला कोन करून घेईल?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आजी, हे दुधाचे दात आहेत. पडतील, मग नवे पांढरे येतील."

"मंग पडनाऱ्या दातासाठी एवढा खटाटोप कशाला?"

"पडायला अजून तीन-चार वर्षं आहेत. तोवर तिनं भाकर कशानं खायची?"

गिरजाबाईंना ते पटले नाही. त्या नातीला घेऊन चालू लागल्या आणि त्यांच्यामागे सगळ्या आया गेल्या. त्या दिवशी एकही लेकरू खुर्चीत बसले नाही. मॅडमनी सामान आवरले. मला वाटले, आता या बाई गावात पुन्हा येणार नाहीत. मला फार लाज वाटली, कारण आयांच्या गर्दीत लोक माझ्या गालाकडेही बोट दाखवत होते.

रविवारी ग्रामपंचायतीचे मतदान होते. केंद्र आमच्याच शाळेत. निवृत्ती जवळ आल्याने मला निवडणुकीच्या कामातून सूट होती, म्हणून मी इस्त्रीचा शर्ट घालून रांगेत उभा राहिलो. शाई लावणाऱ्या कर्मचाऱ्याने माझे बोट धरले आणि थबकला.

"सर, तुमचं मतदान झालंय."

"झालेलं नाही!"

"बोटाला शाई हाय की."

"ते दाताचं औषध आहे," मी म्हणालो, आणि सगळी खोली हसली.

एका उमेदवाराचा प्रतिनिधी उठून उभा राहिला. "गुर्जीच दोनदा मत टाकायला आल्ते! लिहून घ्या साहेब!" केंद्राध्यक्ष चांगले गृहस्थ होते, पण पेचात पडले. यादीत माझ्या नावापुढे खूण नव्हती आणि बोट तर काळे होते. इतकी वर्षे याच खोलीत मी मुलांना खरे बोलायला शिकवले, आणि त्याच खोलीत मी खोटा ठरत होतो. बाहेर येऊन मी मॅडमना फोन लावला. थोड्याच दिवसांची ओळख, त्यात गावाने त्यांना परत पाठवलेले.

त्या अर्ध्या तासात हजर झाल्या. केंद्राध्यक्षांना अंगणात बोलावून म्हणाल्या, "साहेब, चूक माझी आहे. वाटी उघडी राहिली." चूक माझी होती, हे त्यांना आणि मला दोघांनाही माहीत होते. मग त्यांनी बाटली काढली. "हे असं कधी करायचं नसतं. आज नाइलाज आहे," म्हणत स्वतःच्या बोटावर एक थेंब लावला आणि हात उन्हात धरला.

सगळे त्या बोटाकडे पाहत उभे राहिले. बराच वेळ काहीच झाले नाही. प्रतिनिधी हसू लागला. तेवढ्यात रांगेतून गिरजाबाई पुढे आल्या.

"हसतो काय रं? ह्याच पान्यानं माझ्या नातीचे दात काळे झाले, म्या सोता पाह्यलं! गुर्जी खोटं बोलायले न्हाईत!"

आणि खरोखरच बोट आधी तपकिरी, मग गडद होत गेले. केंद्राध्यक्षांनी मान डोलावली. मॅडमनी सांगितले, की मतदानाच्या शाईतही चांदीचाच क्षार असतो, म्हणून दोन्ही डाग सारखे दिसतात. आठ-पंधरा दिवसांत कातडी बदलली की जातात. कपड्यावरचा मात्र जात नाही.

"म्हंजे आमच्या शाईनं दात रंगवले तर कीड मरंल?" कर्मचाऱ्याने उत्साहाने विचारले.

"बिलकुल नाही!" मॅडम इतक्या जोरात ओरडल्या की बंदोबस्तावरचा पोलीस धावत आला.

मी मत दिले. शाई मधल्या बोटाला लावावी लागली. बाहेर मॅडम गिरजाबाईंना विचारत होत्या, "आजी, सोनी जेवते का?"

म्हातारी जरा ओशाळली. "काल रात्री भाकरीचा पापुद्रा सोडून कडा मागितल्या बाई. लई दिसांनी. थंड पान्यानं बी आता कळवळत न्हाई."

सोमवारी सकाळी गिरजाबाईंनी स्वतः घरोघर फिरून आयांना शाळेत आणले. पालकसभेत मॅडमनी जे सांगितले होते तेच सगळे त्या आता, मुलाकडून ऐकून, दुप्पट आवाजात, आपले म्हणून सांगत होत्या. निवृत्तीनंतर मी मॅडमच्या शिबिरांची व्यवस्था पाहतो. बाटल्या मोजल्याशिवाय पेटीला कुलूप लावत नाही, आणि मोज्यांशिवाय टेबलाजवळ कुणाला फिरकू देत नाही.

हा लेख लिहितोय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माझं कौतुक नको. लोकांना सांगा, ते थेंब डॉक्टरांनीच लावायचे असतात, बाटली घरी नेऊन नव्हे." तो निरोप मी पोहोचवला आहे. कौतुकाबाबत मात्र, सवयीप्रमाणे, मी त्यांचे ऐकलेले नाही.

मॅडम, तुमचे गुडघे अलीकडे कुरकुरतात, हे आम्हाला दिसते. त्यांचा इलाज वेळेवर करून घ्या, अशी आम्हा सर्वांची प्रेमाची सक्ती आहे. तुमचा हात असाच स्थिर राहो. आज पहिलीत असलेल्या लेकरांची नातवंडे तुमच्यासमोर 'आ' करून बसावीत, एवढे लांब आणि निरोगी आयुष्य तुम्हाला लाभो.