डावीकडचं वजन

या सदरातले अनुभव मी आजवर मनोरंजन म्हणून वाचत आले. जेवण झालं की मी मोठ्याने वाचायचं आणि मग अक्का आणि मी मिळून कारण शोधायचं, असा आमचा खेळ आहे. अॅसिडिटी, जुनं वायरिंग, शेजाऱ्यांचं मांजर... दहातल्या आठ भुतांचा निकाल आम्ही पाच मिनिटांत लावतो. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. आज स्वतःचं लिहायला बसले आहे आणि हे मात्र अक्काला वाचून दाखवणार नाही.

आधी माहिती, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. आम्ही बेंगळुरातले जुने मराठी, पणजोबांपासून इथेच. माझं मराठी घरातलं आहे, मधे मधे कन्नड येईल, चालवून घ्या. वय त्रेपन्न. चिकपेटेत आमचं अस्तर, फॉल आणि लेसचं दुकान आहे, ते मी बघते. अक्का माझी बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. लहानपणी पोलिओ झाला, दोन्ही पायांत जोर नाही. घरात ती हातांवर आणि कुबड्यांवर सगळीकडे फिरते, पण पायऱ्या चढता येत नाहीत. विल्सन गार्डनच्या एका गल्लीत तळमजल्यावर आम्ही दोघीच राहतो. गल्लीच्या टोकाला राजकालुवे आहे, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारा मोठा नाला. वरच्या मजल्यावर घरमालक मंजण्णा, निवृत्त गृहस्थ, एकटेच.

आणि तिसरी ती गाडी. अप्पांची, म्हणजे वडिलांची, जुनी मोटरसायकल, तिला अक्कासाठी कलासीपाळ्यात डाव्या बाजूला साइडकार बसवून घेतली. तीन चाकं. बावीस वर्षं मी ती चालवते आहे. रस्त्यात लोक बघतात, रिक्षावाले चेष्टा करतात, त्याचं आता काही वाटत नाही.

साइडकारचं एक शास्त्र आहे, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. साइडकार रिकामी असेल आणि तुम्ही डावीकडे वळलात, तर तिचं चाक जमिनीवरून उचलतं. वेग जास्त असेल तर सगळी गाडी उजवीकडे उलटते. म्हणून अक्का आत नसेल तेव्हा तिच्या जागी मी वीस-वीस किलोच्या वाळूच्या दोन पिशव्या ठेवते. निघण्याआधी बघायच्या सात गोष्टींची यादी टाकीवर चिकटवलेली आहे. पिशव्या तिसऱ्या नंबरवर.

गेल्या वर्षीची गोष्ट. दुपारी अडीचला आभाळ काळं झालं आणि तीनपर्यंत चिकपेटेतून पाणी वाहायला लागलं. आमचं दुकान रस्त्याच्या पातळीला आहे, खालच्या कप्प्यांत लेसची बंडलं. मी धावत जाऊन साइडकारमधल्या वाळूच्या पिशव्या आणल्या आणि उंबऱ्याशी आडव्या टाकल्या. पाणी अडलं. मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

पावणेचारला अक्काचा फोन आला.

"नंदे, पाणी आत आलंय गं. पलंगाच्या पायाशी आहे."

"मंजण्णांना हाक मार."

"मारली. टीव्ही लावलाय वाटतं मोठ्याने. तू घाई करू नकोस, मी पलंगावर बसलेय, नीट आहे."

"फोन लावते त्यांना. तू हलू नकोस."

"कुठे हलणार मी, डान्सला?"

आणि फोन कट. पुन्हा लावला, लागेना. मंजण्णांचाही लागेना. आमचा पलंग बुटका आहे, अक्काला चढायला सोपा म्हणून मुद्दाम केलेला. मनात हिशोब केला... पलंग बुडायला अर्धा तास, फार तर पाऊण. शटर ओढलं, रेनकोट घातला, फोन प्लास्टिकच्या पिशवीत टाकला आणि निघाले. टाकीवरच्या यादीकडे मी त्या दिवशी बघितलं नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

टाउन हॉलला पोलिसाने अडवलं. डबल रोडवर झाड पडलंय, पाणीही कमरेएवढं आहे, जे. सी. रोडने जा म्हणाला. म्हणजे लालबागला डाव्या हाताला ठेवून सगळा वळसा. शेजारी एक रिक्षा उभी होती. रिक्षावाला मान बाहेर काढून म्हणाला, "मेडम, माझी पण तीनचाकीच आहे. पण मला बघायला कुणी थांबत नाही."

"तुमच्यात पॅसेंजर आहे, माझ्यात नाही," मी म्हटलं. आणि म्हणता म्हणताच लक्षात आलं. माझ्यात खरंच काही नव्हतं. पिशव्या दुकानाच्या उंबऱ्यावर होत्या. लालबागचा वळसा म्हणजे तीन मोठी वळणं, आणि तिन्ही डावी.

परत फिरायला वेळ नव्हता. हळू वळू, अंग डावीकडे टाकू, असं ठरवलं. साइडकारवर ताडपत्रीचं झाकण होतं, सगळी बटणं लावलेली. आत काय आहे ते दिसत नव्हतं. दिसण्यासारखं काही असण्याचा प्रश्नच नव्हता म्हणा.

पहिलं वळण लालबागची पश्चिमेची भिंत संपते तिथलं. पंधराच्या वेगाने घेतलं. श्वास धरून होते, पण चाक खालीच राहिलं. वेग कमी होता, ठीक.

दुसरं वळण अशोका पिलरच्या पुढचं. तोवर पाऊस असा होता की पुढच्या गाडीचे फक्त दिवे दिसत होते. मागून एक बस हॉर्न देत होती, तिच्यामुळे वेग वाढला. वळणाच्या जरा आधी हँडल हातात किंचित डावीकडे ओढलं गेलं.

ही ओढ मला ओळखीची आहे. अक्का वळण यायच्या आधीच झुकते. साइडकारमधल्या माणसाने वळणावर बाहेर झुकून वजन टाकायचं असतं, पण वळताना. ती दोन सेकंद आधीच झुकते आणि माझं हँडल ओढलं जातं. शंभरदा सांगितलं असेल, "अक्का, स्वल्प थांब, मग झुक." तिचं उत्तर ठरलेलं, "तुझ्यावर विसंबून राहिले तर रस्त्यात पडेन."

ओढ तशीच होती. दोन सेकंद आधी. मग वळण आलं आणि गाडी जमिनीला घट्ट धरून वळली, भरलेली असताना वळते तशी. वाळूच्या पिशव्या असतानाही ती अशी वळत नाही. पिशव्या आपल्या जागी पडून राहतात, झुकत नाहीत.

मी घाबरले नाही. खरं सांगते, तेव्हा फक्त बरं वाटलं. आत पाणी भरलं असेल असंही वाटलं. पण साइडकारच्या तळाला पाणी जायची भोकं आहेत, मीच पाडून घेतलेली.

तिसरं वळण सिद्धापूरच्या अलीकडचं. ते खरं तर मी तिथे घेणारच नव्हते, पुढच्या चौकात घेणार होते. वेग चाळीसच्या आसपास असेल, घड्याळात चार वाजून गेले होते आणि माझ्या डोक्यात फक्त तो बुटका पलंग होता. पुढे एक टेम्पो. अचानक हँडल डावीकडे ओढलं गेलं, या वेळी जोरात. मी चिडले, अक्कावर चिडते तशीच, तोंडातून "अगं थांब ना" निघून गेलं... आणि त्यानंतर टेम्पोचे मागचे लाल दिवे लागले. तो जागीच थांबला. ब्रेक दाबला की ही गाडी उजवीकडे जाते, आणि उजवीकडून बस येत होती. डावीकडे एक गल्ली होती. माझं वळणं आधीच सुरू झालेलं होतं म्हणून मी त्या गल्लीत शिरू शकले.

रिकाम्या साइडकारने चाळीसच्या वेगात ते काटकोनी वळण होत नाही. पुन्हा लिहिते, होत नाही. गाडी उलटायला हवी होती. चाक इंचभरही उचललं नाही. डावीकडे कुणीतरी पूर्ण बाहेर वाकून गाडी खाली दाबून धरावी, तसं झालं.

गल्लीत मी थांबले नाही. ताडपत्री उघडून बघितली नाही. का नाही, ते मला लोक नेहमी विचारतात, म्हणजे ज्या दोघा-तिघांना मी सांगितलं आहे ते. थांबले असते तर पाच मिनिटं गेली असती.

घराच्या गल्लीत पाणी मांडीपर्यंत होतं. गाडी कोपऱ्यावर उंचवट्यावर लावली आणि चालत गेले. दार उघडं, पलंग पाण्याखाली, उशी तरंगत होती. मी ओरडले. वरून, जिन्यातून, मंजण्णांचा आवाज आला. ते कन्नडच बोलतात, मी मराठीत लिहिते.

"इकडे आहे, इकडे. वर ये. आत्ता बोलली, आत्ताच."

जिन्याच्या मधल्या पायरीवर ते बसले होते आणि त्यांच्या दंडाला टेकून अक्का. साडी गुडघ्यापर्यंत ओली, बाकी कोरडी. चेहरा पांढरा. माझ्याकडे बघून म्हणाली, "आलीस? सगळी भिजलीयस. डोकं पूस आधी."

मी तिथेच पायरीवर बसले. "आत्ता बोलली म्हणजे काय?" मी विचारलं.

मंजण्णांनी सांगितलं ते असं. त्यांना पाणी उशिरा दिसलं. खाली आले, अक्काला उचलून जिन्यावर आणलं. तोवर ती ठीक होती, "माझं वजन झेपतंय का" म्हणून विचारतही होती. बसवल्यावर दोन मिनिटांत गप्प झाली. डोळे उघडे, समोर बघत, श्वास चालू. हाक मारली, गालावर पाणी शिंपडलं, हात चोळले. काही नाही. अॅम्ब्युलन्सला फोन लागेना.

"मला वाटलं, झालं. तुला काय तोंड दाखवू याचाच विचार करत होतो." त्यांनी अक्काचा दंड अजून धरून ठेवला होता. "आणि मधेच तोल जायचा तिचा. एकदम अशी डावीकडे वाकायची. जिन्यावरून खाली जाईल म्हणून मी धरून ठेवलं. तीनदा झालं असं. शेवटच्या वेळी एवढ्या जोरात, की मीच पडणार होतो तिच्याबरोबर."

मी विचारलं, किती वेळ गप्प होती.

"अर्धा तास तरी. आता तू कोपऱ्यावर आलीस तेव्हा गाडीचा आवाज बंद झाला ना, तेव्हा म्हणाली, पाणी द्या."

मी त्यांना रस्त्याबद्दल काहीच सांगितलं नव्हतं. आजही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अक्काला डॉक्टरांकडे नेलं. सगळ्या तपासण्या केल्या. धक्क्याने असं होऊ शकतं म्हणाले, रिपोर्ट सगळे नॉर्मल आले. अक्काला मी हळूच विचारलं, तुला काय आठवतंय.

"काय आठवणार? मंजण्णांनी बसवलं, मग तू आलीस."

"मधलं?"

"मधे तुझी काळजी करत होते. दुसरं काय काम होतं मला?" आणि मग कंबरेला हात लावून म्हणाली, "ही डावी बाजू मात्र ठणकतेय बघ. मंजण्णांनी उचलताना आवळली असेल."

मी कारणं शोधली नसतील असं समजू नका. वहीत दोन पानं भरली आहेत. ओल्या रस्त्यावर टायर घसरतात म्हणून चाक उचलत नाही, हे एक. माझाच वेगाचा अंदाज चुकला, हे दुसरं. मग एका रविवारी भर पावसात मी साइडकार रिकामी ठेवून तोच रस्ता पुन्हा केला. अशोका पिलरच्या वळणावर जेमतेम पंचवीसच्या वेगात चाक वीतभर उचललं आणि मी घाबरून गाडी सरळ केली. सिद्धापूरच्या त्या गल्लीत वळायचं धाडसच झालं नाही. टेम्पोचे दिवे लागायच्या आधी हँडल का ओढलं गेलं, याच्यापुढे वहीत नुसती रिकामी ओळ आहे. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा. वायरिंगचं, मांजराचं, काहीही चालेल.

आता आम्ही पहिल्या मजल्यावरची जागा बघतो आहोत, लिफ्ट असलेली. अक्का अजूनही साइडकारमध्ये बसते, अजूनही दोन सेकंद आधी झुकते. मी तिला थांब म्हणणं सोडून दिलं आहे.

दुपारी दुकानातून दर तासाला मी तिला फोन करते. ती वैतागते, "नंदे, साकु आता, पुरे, मला भाजी चिरू दे." चार-पाच रिंगमध्ये उचलला नाही तर मला दुकानात उभं राहवत नाही. कारण त्या दिवशी मला वाटत होतं, अक्का घरी आहे आणि मला लवकरात लवकर तिच्यापर्यंत पोहोचायचं आहे. म्हणून मी गाडी तशी पळवली. आता रोज मनात एकच येतं... सिद्धापूरच्या त्या वळणावर मी उलटले असते, तर जिन्यावर मंजण्णांच्या हातात कोण उरलं असतं?