आधी ती थीम काढा!

दुकानातल्या खोक्यात बंद पडलेले माऊस साठत जातात. टाकवत नाहीत आणि कामालाही येत नाहीत. किश्शांचंही तसंच. कामशेतला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकल्यापासून मी लोकांना एकच सांगत आलोय, जुन्या मशीनवर नाचणारी, उडणारी थीम लावू नका, साधा निळा पडदा ठेवा. कुणी ऐकत नाही. आता बोलायचाही कंटाळा आलाय.

फोन येतो, "कॉम्प्युटर लय स्लो झालाय, व्हायरस आलाय." जाऊन बघावं तर पडद्यावर धबधबा कोसळतोय, माऊसच्या मागे चांदण्यांची शेपूट, आणि बिचारी दोन जीबी रॅम हे सगळं डोक्यावर घेऊन उभी! व्हायरस कसला, हौस नुसती!

*

बाजारपेठेत तांदळाचे एक व्यापारी आहेत, सगळे त्यांना भाऊ म्हणतात. गणपतीत भाऊंनी बिलाच्या कॉम्प्युटरवर गणपतीची थीम लावली. समई तेवते, फुलं पडतात, बाप्पांचे कान हलतात. एक बिल निघेपर्यंत हमाल इंद्रायणीचं पोतं टेम्पोत टाकून चहा पिऊन येतो!

"भाऊ, आधी ही थीम काढूया."

मी चपला घालून देवघरात शिरल्यासारखं भाऊंनी माझ्याकडे बघितलं. "आरं, बसवलेला गणपती मधीच उठवत्यात व्हय? चतुर्दशीला ये!"

गेलो. वहिनी आरतीचं ताट घेऊनच उभ्या. कॉम्प्युटरला ओवाळलं, दहीभात दाखवला, अक्षता कीबोर्डात गेल्या. "मोरया!" झालं आणि मी डिलीट दाबलं. "पुढच्या वर्षी लवकर या," म्हणून भाऊंनी हात जोडले.

मीही जोडले. मनात म्हटलं, या देवा, पण येताना रॅम घेऊन या!

*

लोणावळ्यात बंगले भाड्याने देणारे एक शेठ आहेत. त्यांच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बारा महिने धुकं सरकतं आणि आवाजासकट पाऊस पडतो. मी म्हटलं, "शेठ, लोणावळ्यात बाहेर पडतो तेवढा पुरत नाही का?"

"बाहेरचा मे महिन्यात नसतो. गिऱ्हाईक मेमध्येही येतं!"

माझ्यासमोरच एक जोडपं आलं. बुकिंगचं पान उघडेना. धुकं मात्र झकास सरकत होतं. जोडप्याने थोडा वेळ पाऊस बघितला आणि शेजारच्या ऑफिसात जाऊन बंगला घेतला.

शेठ म्हणाले, "गेले. पण खूष होऊन गेले ना!"



*

परंदवडीच्या संगीताताई घरी मशीनवर ब्लाउजची एम्ब्रॉयडरी करतात, डिझाईन कॉम्प्युटरवर. लग्नसराईत कॉम्प्युटर अडकला म्हणून घाईने बोलावलं. मी मोराची थीम काढली, खिडक्यांच्या सावल्या काढल्या, 'बेस्ट परफॉर्मन्स'ला टिक केली. डिझाईन चुटकीसरशी उघडलं.

"पळतोय छान," ताई म्हणाल्या, "पन घरात सुतक असल्यावानी दिसतंय वो!"

संध्याकाळी त्यांच्या स्टेटसला कॉम्प्युटरचा फोटो. मोर पिसारा फुलवून हजर! मी फोन केला तर म्हणतात, "तुमी नका काळजी करू. मी सावकाश शिवीन."

*

कुरवंड्याला आबा एकटेच राहतात. मुलगी बंगळुरूला. ती दर रविवारी कॉम्प्युटरवर व्हिडिओ कॉल करते आणि दर रविवारी म्हणते, "आता एकटे राहू नका, इकडे या." आबांना गाव सोडायचं नाही. शेवटी दोघांचं ठरलं होतं, तब्येत ठणठणीत आहे तोवर आबा कुरवंड्यात, बिघडली की बंगळुरूला.

मागे मुलीचाच मला फोन आला. "आबांचा चेहरा नुसता चौकोन चौकोन दिसतो. जरा बघून या ना."

गेलो. पडद्यावर फुलपाखरं. एवढी, की मशीनला धाप लागलेली. मी एकेक करून सगळी काढली आणि तपासायला म्हणून मुलीला कॉल लावला. चित्र आरशासारखं लख्ख. मी खूष!

मुलगी बघतच राहिली. "आबा... किती वाळलात तुम्ही!"

"क्यामेरा तसला हाय," आबा म्हणाले.

"गळ्याची हाडं दिसतायत, आबा. जेवता का नीट?" तिचा आवाज फुटला. "पुढच्या रविवारी मी नीट बघणार आहे. असेच दिसलात तर गाडी घेऊन येते, काही ऐकायची नाही."

कॉल संपला. मला फार वाईट वाटलं. वायर गुंडाळून बॅगेत भरली आणि उठलो.

"बस," आबा म्हणाले. "ती फुलपाखरं परत लाव."

"आबा, त्यांच्यामुळेच तर कॉम्प्युटर स्लो होत होता!"

"ठावं हाय मला. लाव."