चंद्र उगवेपर्यंतचा पोर्टफोलिओ

मागच्या वर्षी रांजणगावच्या गणपतीपुढं हात जोडून मी एक नवस बोलले होते. "देवा, आमच्या ह्यांचा पोर्टफोलिओ हिरवा होऊ दे. तोवर मी चहात साखर घालणार नाही."

आजवर नवस मी पुष्कळ बोलले. लेकीच्या बाळंतपणाचा, बोअरला पाणी लागण्याचा, हरवलेल्या म्हशीचासुद्धा. देवानं बहुतेक ऐकले. पण शेअर बाजाराचा हा पहिलाच. देवाला नीट कळलं नाही तर काय घ्या, म्हणून हळूच जोडलं, "म्हणजे मोबाइलच्या पडद्यावर तोट्याचं लाल दिसतं ना, ते हिरवं दिसू दे."

झालं असं, की हे कंपनीतून रिटायर झाले आणि आलेल्या पैशातला थोडा भाग त्यांनी शेअर्समध्ये घातला. पैसे थोडे, पण लक्ष मात्र सगळंच घातलं. जन्मभर शिफ्टवरून आल्यावर जेवताना कॅन्टीनच्या गमती सांगणारा हा माणूस, आता ताटाशेजारी मोबाइल ठेवून गप्प जेवायला लागला. भाजीत मीठ आहे की नाही, त्याचाही पत्ता नाही. पैशाची मला तेवढी धास्ती नव्हती. मला माझा जेवताना बोलणारा नवरा परत हवा होता.

त्यात आमच्याकडं संकष्टीला गच्चीवर मंडळी जमतात. चंद्र उगवेपर्यंत उपास सोडायचा नाही, पोटात कावळे ओरडतात, मग वेळ घालवायचा कसा? तर प्रत्येकानं आपापला पोर्टफोलिओ काढायचा! बाजार तेव्हा बंद असतो, आकडे हलत नाहीत, तुलना करायला बरं पडतं. अशा संकष्ट्या होत गेल्या आणि किस्से साठत गेले. प्रसादाच्या डब्यांसारखंच हे, एक परत करावा तर दोन घरात येतात.

* * *

आमचे धाकटे दीर दौंडला असतात, रेल्वेतून रिटायर झालेले. संकष्टीला रांजणगावचं दर्शन घ्यायचं आणि मुक्कामाला शिरूरला आमच्याकडं यायचं, हा त्यांचा नेम. आल्या आल्या मोबाइल काढणार आणि हिरवे शेअर मोठ्यानं वाचून दाखवणार. हा तीस टक्के वर, तो चाळीस टक्के वर. आमच्या ह्यांचा चेहरा उतरत जाणार.

एकदा मीच विचारलं, "भाऊजी, अंगठ्याखाली झाकलंय ते काय?"

"ते व्हय? ते लाँग टर्म हाय, वहिनी."

शेजारच्या शमीमभाभी आमच्या गच्चीला लागून असलेल्या त्यांच्या गच्चीवर कपडे काढत होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, "घेतले तवाच ठरवलं होतं, का पडल्यावर लाँग टर्म झाले?"

भाऊजी म्हणाले, चंद्र दिसतोय का बघा जरा.

* * *

शमीमभाभी शिवणकाम करतात. त्यांच्याकडं पोर्टफोलिओ नाही, बांगड्या आहेत. ज्या दिवशी ह्यांनी पहिला शेअर घेतला, त्याच दिवशी भाभींनी सोन्याची बांगडी घेतली. तेव्हापासून गच्चीवर कुणीही टक्के सांगितले, की भाभी फक्त मनगट वर करतात. सोनं तेव्हापासून चढतंच आहे.

भाऊजींना हे सहन होईना. ते म्हणाले, "भाभी, कंपनी वर्षाला डिव्हिडंड देती. तुमची बांगडी काय देती?"

भाभी शांतपणे म्हणाल्या, "व्हय, पण तुमची कंपनी हातात घालून लग्नाला जाता येतं का?"

* * *

खालच्या मजल्यावरच्या शोभाताईंचा ऊस पाटसच्या कारखान्याला जातो. त्यांनी म्युच्युअल फंडात पैसे ठेवले. पुढच्याच संकष्टीला त्या गच्चीवर आल्या आणि म्हणाल्या, "माझं डबल झालं बाई."

एका महिन्यात डबल! भाऊजींनी तीनदा विचारून घेतलं. ह्यांचं तर काही विचारू नका. चंद्र उगवला, अर्घ्य दिलं, ताट वाढलं, हे एक मोदक कुस्करत बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी शोभाताईंच्या दारात उभे. म्हणाले, कुठला फंड ते एकदा दाखवा.

शोभाताईंनी दाखवला. ह्यांनी सगळ्या नोंदी वरखाली करून बघितल्या. मग म्हणाले, "शोभाताई, मधल्या महिन्यात तुम्ही यात आणखी पैसे टाकलेत का?"

"टाकले की. उसाचं बिल आलं ते समदं टाकलं."

"मग ते वाढलं नाही, तुम्हीच वाढवलंत."

शोभाताई ह्यांच्याकडं कीव आल्यासारख्या बघत म्हणाल्या, "दाजी, टाकल्याबिगर वाढतंय व्हय कुठं? तुम्ही उसाला पाणी न देताच ऊस मोजताय, म्हणून असं होतंय."

* * *

मीही हातावर हात ठेवून बसले नव्हते. पोर्टफोलिओ मोबाइलमध्ये राहतो, हे मला कळलं होतं. मग एका मंगळवारी हे आंघोळीला गेल्यावर मी मोबाइल देवापुढं ठेवला, हळद वाहिली, कुंकू वाहिलं, चार अक्षता टाकल्या.

ह्यांनी आंघोळीहून येऊन मोबाइल उघडला आणि मला हाक मारली. म्हणाले, "सगळंच लाल झालं गं."

मी पदरानं पडदा पुसला. थोडं कमी लाल झालं.

दुसऱ्या दिवसापासून मी कुंकू बंद केलं. मोबाइलवर दूर्वा वाहायला लागले. निदान रंग तरी बरोबर.

* * *

बिनसाखरेचा चहा सुरू होऊन बरेच दिवस झाले तरी घरात कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एक दिवस चुकून कप बदलले. ह्यांनी माझ्या कपातला घोट घेतला आणि थांबले. मला म्हणाले, "तुला शुगर निघाली का? मला सांगितलं का नाहीस?"

मी काही नाही म्हटलं तर त्यांना जास्तच संशय. बाजार उघडायची वेळ झाली होती. पण मोबाइल टेबलावर टाकला, स्कूटर काढली आणि चहाही पिऊ न देता मला उपाशीपोटी लॅबमध्ये नेलं. बाकावर शेजारी बसून होते. किती महिन्यांनी आम्ही नुसते बसलो होतो! मला लॅबसुद्धा देवळासारखी वाटली.

रिपोर्ट आला. सगळं नॉर्मल. तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, काकू, तुम्ही खुशाल साखर खा.

हे म्हणाले, "मग सोडलीस कशाला?"

आता खोटं कसं बोलणार? देवाशी काय बोलले ते शब्द न् शब्द सांगितलं. लाल, हिरवं, पडदा, सगळं. हे हसले नाहीत, रागावलेही नाहीत. घरी येईपर्यंत स्कूटर मात्र फार सावकाश चालवली.

* * *

पुढची संकष्टी आली. आभाळ भरून आलेलं, चंद्राचा पत्ता नाही. भाऊजी दौंडहून आले होते, शोभाताई वर आल्या होत्या, शमीमभाभी त्यांच्या कठड्याला टेकून उभ्या होत्या. भाऊजींनी सवयीनं आपले हिरवे वाचले आणि म्हणाले, "दादा, तुमचं काय?"

ह्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. मी चष्मा लावला. वरपासून खालपर्यंत सगळं हिरवं होतं, लाल ठिपकासुद्धा नव्हता. मी तिथल्या तिथं रांजणगावच्या दिशेनं हात जोडले. माझे डोळे भरून आले, म्हणून मला पुढचं दिसलं नाही. भाऊजींना दिसलं.

"दादा, पंधरा कंपन्या होत्या. हितं तीनच हायेत. बाकीच्या कुठं गेल्या?"

"विकल्या."

"लाल होत्या त्या समद्या?"

"सगळ्या. आलेले पैसे पोस्टात ठेवले."

भाऊजींनी डोक्याला हात लावला. "आवं दादा, आसं आसतंय व्हय? इकलं की तोटा पडद्यावरनं जातो, खिशातनं न्हाई जात!"

हे म्हणाले, "मला ठाऊक आहे रे. पण तुझ्या वहिनीनं देवाला पडद्याचंच सांगितलं होतं."

शमीमभाभी आत गेल्या आणि साखरेचा डबा घेऊन आल्या. आज त्यांनी मनगट वर केलं नाही. माझ्या हातातल्या बिनसाखरेच्या चहाच्या कपात दोन चमचे साखर घातली आणि म्हणाल्या, "पियो भाभी. आता कंजूषी नको."

तेवढ्यात ढगातून चंद्र निघाला. अर्घ्य दिलं, खाली आलो, ताटं वाढली. ह्यांचा मोबाइल गच्चीवरच राहिला होता, भाऊजी आणून द्यायला उठले तर हे म्हणाले, राहू दे. मग कॅन्टीनमधल्या आचाऱ्याची एक जुनी गोष्ट काढली. ती मी पूर्वी कितीतरी वेळा ऐकली होती. अर्ध्यात थांबून माझ्याकडं बघत म्हणाले, "भाजीत मीठ कमी पडलंय का गं?"

तुमच्याही घरी कुणी ताटाशेजारी मोबाइल ठेवून गप्प जेवत असेल, तर माझं एवढं ऐका. उद्यापासून चहातली साखर सोडा. का सोडली ते आपणहून सांगू नका. लॅबमध्ये नेलं तर बिनतक्रार जा. आणि रिपोर्ट नॉर्मल आला, की दोघं मिळून रांजणगावला जाऊन या. जाताना दूर्वा न्या.